लोंबीवरचा ढेकण्या आणि त्याच्या अंड्यातला शत्रू

(कोन, ता. भिवंडी येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



स्मृतिव्याख्यानाला उभे राहणाऱ्याने ऐकणाऱ्यांच्या उपयोगाचे बोलावे, असे मी मानतो. म्हणून आज तुमच्या खाचरातल्या एका किडीबद्दल आणि त्या किडीच्या शत्रूबद्दल बोलणार आहे. खाडीपलीकडे कल्याणचा दुर्गाडी किल्ला, अलीकडे भिवंडी-कल्याण रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढत चाललेली गोदामे आणि त्यांच्यामध्ये उरलेली भातशेती, असे आजचे कोन आहे. जी शेती उरली आहे ती नीट पिकावी आणि ती पिकवताना घरातल्या कुणाला विषाची बाधा होऊ नये, एवढ्याच तळमळीने हा विषय मी निवडला.

भात निसवले, लोंबी बाहेर पडली आणि दाणा चिकात आला, की खाचरात शिरताच एक उग्र वास नाकात जातो. तो लोंबीवरच्या ढेकण्याचा वास. हा कीटक सडपातळ, लांब पायांचा, हिरवट-तपकिरी रंगाचा आणि साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांबीचा असतो. शास्त्रात त्याचे नाव लेप्टोकोरिसा. त्याच्या दोन जाती आपल्या देशात भातावर मुख्यत्वे आढळतात. पिल्ले आणि प्रौढ दोन्ही आपली सोंड कोवळ्या दाण्यात खुपसून आतले दूध शोषतात. दाणा अगदी कोवळा असेल तर तो पोचट राहतो. थोडा भरलेला असेल तर त्यावर डाग पडतो आणि भरडताना तांदूळ तुटतो. मादी आयुष्यात 200 ते 300 अंडी घालते. ती पानावर, मध्यशिरेच्या कडेने, 10 ते 20 अंड्यांची सरळ ओळ लावते. अंडी चपटी, तांबूस-तपकिरी असतात आणि सुमारे आठवड्यात उबतात. आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय त्या एका आठवड्यात सामावलेला आहे. ढेकण्या आयुष्यात सर्वांत दुबळा असतो तो याच काळात. तेव्हा त्याला पळता येत नाही, उडता येत नाही आणि वास सोडून शत्रूला हाकलताही येत नाही.

लोंबीवरच्या ढेकण्याचे नातेवाईक पुष्कळ आहेत. तुरीच्या शेंगा शोषणारा ढेकूण आहे. सोयाबीन, कडधान्ये आणि भाज्यांवर येणारा हिरवा ढेकूण आहे. त्याला शास्त्रज्ञ नेझारा व्हिरिड्युला म्हणतात आणि तो आज जगातल्या बहुतेक उष्ण देशांत पसरला आहे. वाल-पावट्याच्या वेलावर थव्याने बसणारा, बसका, गोलसर ढेकूणही याच मोठ्या गोतावळ्यातला. या सगळ्यांची तीन लक्षणे सारखी आहेत. ते सोंडेने रस शोषतात, छेडले की दुर्गंधी सोडतात आणि अंडी एकत्र, पुंजक्याने किंवा ओळीने घालतात. शेवटचे लक्षण त्यांच्या शत्रूच्या पथ्यावर पडते.

हा शत्रू गांधीलमाशीच्या कुळातला आहे. पण गांधीलमाशी म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते ते बाजूला ठेवावे लागेल. हा परोपजीवी कीटक काळा, एक-दीड मिलिमीटर लांबीचा असतो. तो माणसाला डंख मारत नाही आणि पिकालाही तोंड लावत नाही. तो ज्या घराण्यातला त्याचे नाव सेलिऑनिडी, आणि हे अख्खे घराणे दुसऱ्या कीटकांच्या आणि कोळ्यांच्या अंड्यांवर जगते. हिरव्या ढेकणाच्या अंड्यांवर ट्रिसॉल्कस बेसालिस, भातावरच्या ढेकण्याच्या अंड्यांवर ग्रायन निक्सोनी, तुरीच्या शेंगांवरील ढेकणाच्या अंड्यांवर ग्रायन क्लॅव्हिग्रॅली अशा यांच्या वाटण्या आहेत. ढेकणाचा हा शत्रू जन्मतो ढेकणाच्याच अंड्यात.

या शत्रूची मादी ढेकणाच्या अंड्यांचा पुंजका शोधते, मिशांनी एकेक अंडे चाचपते आणि सुईसारख्या अवयवाने कवच भेदून आत आपले एक अंडे घालते. मग त्या कवचावर खूण करते, म्हणजे त्याच अंड्यात पुन्हा अंडे पडत नाही. आत तिची अळी उबते आणि ढेकणाचा गर खाऊन वाढते. उबदार हवेत साधारण 10 ते 12 दिवसांत अंड्यातून ढेकणाच्या पिल्लाऐवजी नवी माशी बाहेर पडते. नर आधी निघतात आणि बहिणी बाहेर येण्याची वाट पाहत पुंजक्यावरच थांबतात. त्यामुळे बहुतेक माद्या जन्माच्या जागीच फळतात आणि लगेच पुढच्या पुंजक्याच्या शोधात निघतात. मादी न फळलेले अंडे घालते त्यातून नर आणि फळलेले घालते त्यातून मादी होते. पुंजक्याला पुरतील एवढेच थोडे नर आणि बाकी माद्या, असे प्रमाण ती स्वतः राखते.

एवढ्याशा जिवाला हिरव्यागार शेतात ती अंडी सापडतात कशी? इटलीतल्या शास्त्रज्ञांनी ट्रिसॉल्कस बेसालिसवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. हिरवा ढेकूण पानावरून चालत गेला की त्याच्या पायांचा मेणकट अंश पानावर राहतो. ही माशी तो अंश ओळखते आणि तिथेच घुटमळत शोध घेते. इतकेच नव्हे, तर तो माग नराचा की मादीचा हेही तिला कळते, आणि मादीच्या मागावर ती जास्त वेळ थांबते, कारण अंडी तिथेच मिळणार. ढेकणाने शोषलेले आणि अंडी घातलेले घेवड्याचे झाड जो वेगळा गंध सोडते, तोही तिला ओढून आणतो. पीक, कीड आणि किडीचा शत्रू यांचा हा संवाद आपल्या बांधापासून हाताच्या अंतरावर रोज चालतो. फवाऱ्याचे नोझल उघडले की तो तुटतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी शेतकऱ्याचे पैसे वाया जातात. मित्रकीटक म्हटले की आपल्याकडे ट्रायकोकार्ड आठवते. ट्रायकोग्रामा ही माशी अंड्यांवरच जगते आणि ती खरोखर उपयोगी आहे. भातात खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस वापरतात. ती तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर प्रयोगशाळेत सहज वाढते, म्हणून तिची कार्डे तयार होतात. पण ती पतंगांच्या अंड्यांची शत्रू आहे. लोंबीवरच्या ढेकण्यासाठी ट्रायकोकार्ड लावून फायदा होणार नाही. ढेकण्याच्या अंड्यांवरची माशी पतंगाच्या अंड्यांत वाढत नाही. तिला ढेकणाचीच अंडी लागतात आणि त्यासाठी आधी ढेकूण पाळावे लागतात. म्हणून भाताच्या ढेकण्यासाठी आपल्या शेतकऱ्याच्या हाती असे कार्ड नाही. ही माशी विकत आणता येत नसेल, तर जी शेतात आहे तिला जगवणे हाच मार्ग उरतो. मला आज हेच सांगायचे आहे.

जगात अशी माशी बाहेरून आणून किंवा वाढवून सोडण्याचा मार्गही चोखाळला गेला आहे. ट्रिसॉल्कस बेसालिस 1933 साली इजिप्तमधून पश्चिम ऑस्ट्रेलियात नेण्यात आली. हिरवा ढेकूण तिथे बाहेरून आलेला होता, त्याचा शत्रू मागेच राहिला होता. शत्रू आणल्यावर बऱ्याच भागांत कीड आटोक्यात आली. ब्राझीलच्या पाराना राज्यात सोयाबीनसाठी हीच माशी हंगामाच्या सुरुवातीला सोडून चांगले परिणाम मिळाले. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात लिचीवरच्या ढेकणासाठी रेशीमपतंगांच्या मोठ्या अंड्यांत दुसऱ्या घराण्यातली माशी वाढवून बागांत सोडली गेली.

आता आपल्या वालाच्या वेलावरच्या ढेकणाची गोष्ट. वालाच्या वेलावरचा जो गोलसर ढेकूण मी मघाशी सांगितला, त्याचे नाव मेगाकोप्टा क्रिब्रेरिया. 2009 साली तो अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात आढळला आणि काही वर्षांत आग्नेय अमेरिकेतल्या सोयाबीनची डोकेदुखी होऊन बसला. शास्त्रज्ञ आशियातून त्याचा शत्रू आणून बंदिस्त प्रयोगशाळेत तपासत होते. तेवढ्यात 2013 साली पॅराटेलिनोमस सॅकरालिस ही अंड्यांवरची माशी तिथल्या शेतांत आपसूक पोचलेली सापडली. असेच दुसऱ्या एका ढेकणाचेही झाले. पूर्व आशियातला तपकिरी संगमरवरी ढेकूण 1990 च्या दशकात अमेरिकेत शिरला आणि 2010 साली तिथल्या मध्य-अटलांटिक राज्यांत केवळ सफरचंदांचे सुमारे 3 कोटी 70 लाख डॉलरचे नुकसान करून गेला. त्याच्या शत्रूची, ट्रिसॉल्कस जॅपोनिकसची, परवानगीसाठी छाननी चालू असतानाच 2014 साली ती मेरीलँडमध्ये मोकळ्या रानात मिळाली. इटलीने पुढे नियम बदलून 2020 साली ही माशी अधिकृतपणे सोडली.

हा तपकिरी ढेकूण जगभर फिरला तो मालाबरोबर. थंडीत तो खोक्यांत, यंत्रांच्या सापटीत, लाकडी फळ्यांमध्ये दडून बसतो. म्हणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दरवर्षी ठरावीक महिन्यांत धोक्याच्या देशांतून येणाऱ्या जहाजी मालावर प्रक्रिया सक्तीची करतात. न्हावा-शेवा बंदरात उतरणारा माल भिवंडीच्या गोदामांत येतो. गोदामात काम करणाऱ्या इथल्या तरुणांना मी विनंती करतो की परदेशी खोके उघडताना अनोळखी कीटक दिसला तर तो झटकून टाकू नका. बाटलीत पकडा आणि कृषी विभागाला कळवा. विनाशकारी कीटक व कीड कायदा आपल्याकडे 1914 पासून आहे. पण कायदा राबवायला खोके उघडणाऱ्याचे डोळे लागतात.

परदेशी माशी आणून सोडणे हे मात्र जबाबदारीचे काम आहे. हवाईत 1962 च्या सुमारास हिरव्या ढेकणासाठी ट्रिसॉल्कस बेसालिस सोडली गेली. पुढे तिथला कोआ झाडावरचा देखणा, रंगीत, निरुपद्रवी ढेकूण कमी झाला आणि संशय तिच्यावर व तिच्याबरोबर आणलेल्या परोपजीवी माशीवर आला. नंतरच्या अभ्यासांत सर्व ठिकाणी तो दोष सिद्ध झाला नाही, तरी धडा मिळालाच. बाहेरचा जीव आणण्यापूर्वी तो आणखी कुणाला खाईल हे तपासले पाहिजे. सगळे ढेकूण शत्रू नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे. इओकँथेकोना फर्सेलाटा हा आपल्याकडचा ढेकूण अळ्या मारून खातो, तो शेतकऱ्याचा सोबती आहे. आपल्या खाचरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माशीला जगवण्यात बाहेरून जीव आणण्याचा हा धोका नाही.

महाराष्ट्राला मित्रकीटकांचा अनुभव नवा नाही. 2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रातला ऊस पांढरा पडला. फवारण्यांनी तो हटत नव्हता. डायफा आणि मायक्रोमस हे भक्षक कीटक वाढले, कृषी विद्यापीठांनी आणि साखर कारखान्यांनी ते वाढवून वाटले, शेतकऱ्यांनी भक्षकांसकट पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेली, आणि मावा आटोक्यात आला. 2010 च्या सुमारास पपईवरचा पिठ्या ढेकूण तामिळनाडूतून पसरत पुणे भागापर्यंत पोचला. त्याच्यासाठी बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याकडून ॲसेरोफॅगस पपयी ही माशी आणवली. ती सोडल्यावर काही महिन्यांत बागा सावरू लागल्या. या दोन्ही वेळी शेतकऱ्याने एक गोष्ट केली, ती म्हणजे फवारा थांबवला. ते केले नसते तर आणलेले कीटकही मेले असते.

भातावरच्या ढेकण्याबाबत आपण नेमके उलटे करतो. वास आला, ढेकणे दिसले, की भुकटी मारतो. तोवर अंडी उबून पिल्ले मोठी झालेली असतात आणि प्रौढ ढेकणे उडून शेजारच्या खाचरात जातात. फवारा ओसरला की तेच परत येतात. मरतात ते नाजूक जीव, म्हणजे अंड्यांवर फिरणारी माशी, कोळी आणि लांब मिशांचा हिरवा नाकतोडा. हा नाकतोडा ढेकण्याची आणि खोडकिड्याची अंडी खातो, तरी आपण त्याला शत्रूच समजतो. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भात जाळला तेव्हा हेच घडले होते. फवारण्या वाढल्या तशी कीडही वाढली, कारण तिचे शत्रू मेले होते. 1986 साली तिथल्या सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर एका आदेशाने बंदी घातली आणि पुढे शेतकऱ्यांना शेतातच शिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला. आणि 2017 च्या पावसाळ्यात आपल्याच राज्यात, यवतमाळ जिल्ह्यात, कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे मी भीती घालायला सांगत नाही. अनावश्यक फवारणीची किंमत घरातला माणूस देतो, एवढे तरी आपण विसरता कामा नये.

तर मग कोनच्या शेतकऱ्याने काय करावे?

पहिले काम लावणीचे. ढेकण्या चिकातल्या दाण्याच्या मागे एका खाचरातून दुसऱ्यात जातो. एकाचे हळवे, दुसऱ्याचे निमगरवे, तिसऱ्याचे गरवे असे भात शेजारी-शेजारी असेल, तर त्याला महिना-दोन महिने सलग जेवण मिळते. सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटी निसवणारे शेत सर्वाधिक मार खाते. एका पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी एकाच मुदतीचे वाण घेऊन दहा-बारा दिवसांच्या आत लावणी उरकली, तर मार वाटला जातो. हे एकट्याने होत नाही, गावाने बसून ठरवावे लागते. गोदामांसाठी विकून पडीक राहिलेल्या जमिनीत जे गवत माजते, तेही ढेकण्याचे घर आहे. ते निसवण्यापूर्वी कापून टाकण्याचे काम जमीनमालकाला सांगितले पाहिजे, ऐकले नाही तर ग्रामपंचायतीने हाती घेतले पाहिजे.

दुसरे काम बांधाचे. बांधावर तूर, तीळ, भेंडी लावायची आपली जुनी रीत आहे. ती सोडू नका. प्रौढ माशी ढेकणाची अंडी खात नाही, ती फुलातल्या मधावर जगते. मध मिळाला तर ती कितीतरी जास्त दिवस जगते आणि जास्त अंडी शोधते. चीन, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भाताच्या बांधांवर तिळासारखी फुलझाडे लावून केलेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. त्यात कीटकनाशकांचा वापर 70 टक्क्यांनी घटला आणि उत्पादन 5 टक्क्यांनी वाढले. आपल्या आजोबांचा तिळाचा बांध आता शास्त्रानेही मान्य केला आहे. मात्र बांध स्वच्छ ठेवा म्हणजे तो उघडा करा असे नव्हे. तुरे आलेले गवत काढा, फुलझाडे राखा.

तिसरे काम पाहणीचे. निसवण्यापासून दाणा कडक होईपर्यंत दोन-तीन दिवसांआड, सकाळी लवकर खाचरात जा. ऊन चढल्यावर ढेकणे खाली चुडात दडतात. चुडामागे एक-दोन ढेकणे सर्वत्र दिसत असतील तरच उपायाचा विचार करा. तुरळक असतील तर जाळीने किंवा हाताने पकडून मारा. फवारणी करावीच लागली, तर कृषी विभागाचा सल्ला घ्या, हातमोजे आणि तोंडाला मास्क घाला, प्रादुर्भाव असलेल्या भागापुरतेच औषध वापरा आणि बांधावरच्या फुलांवर ते जाऊ देऊ नका.

चौथे काम शाळेतल्या मुलांसाठी आहे. वाल, भेंडी, सोयाबीन यांच्या पानामागे हिरव्या ढेकणाच्या अंड्यांचा पुंजका शोधा. पानासकट तो काचेच्या बाटलीत ठेवा, तोंडाला मलमलीचे फडके बांधा आणि रोज पाहा. अंडी काळपट पडली तर आत माशीची अळी आहे. ढेकणाचे पिल्लू अंड्याचे गोल झाकण स्वच्छ उघडून बाहेर येते, माशी मात्र कवच कुरतडून वेडेवाकडे भोक पाडते. पुंजक्यातली किती अंडी कुणाची, हे मोजून वहीत लिहा. निघालेल्या माश्या शेतात सोडून द्या. असे पाच-दहा पुंजके तपासले की तुमच्या गावात हा शत्रू किती प्रमाणात काम करतो हे तुम्हालाच कळेल. अशी नोंद कर्जतच्या भात संशोधन केंद्राला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठालाही उपयोगी पडेल.

माशी सगळे काम एकटी करील, असे मी म्हणत नाही. काही वर्षी ढेकण्या भडकतो, तेव्हा उपाय करावाच लागेल. पण फवारा हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. शेजारच्या वाडा तालुक्यातल्या कोळम भाताला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या भागाच्या तांदळाला आता नाव आहे, भाव आहे. त्या तांदळात डाग नसावेत आणि विषही नसावे, एवढी अपेक्षा ग्राहकाने केली तर ती गैर नाही.

म्हणून कोनच्या ग्रामस्थांना माझे सांगणे आहे: येत्या खरिपाच्या आधी ग्रामसभेत तीन ठराव करा. एका पट्ट्यात एकाच मुदतीचे वाण लावायचे. बांध फुलांचा ठेवायचा. आणि चुडामागचे ढेकणे मोजल्याशिवाय कुणीही फवारा उचलायचा नाही. या तिन्हींना खर्च जवळजवळ नाही, फक्त एकी लागते. ती दाखवा, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.